तुन बिसेंते यांची दोन दिवसांची रजा

१७ मार्च १९७८ रोजी मी तुन बिसेंते यांच्या पगारातून एक्याण्णव डॉलर वीस सेंट कापले. गुआमच्या नौदल तळावर जहाजदुरुस्तीच्या गोदीत ते वेल्डर होते आणि मी हजेरी कारकून; वडीलधाऱ्यांच्या नावाआधी आमच्याकडे मानाने 'तुन' लावतात. ते दोन दिवस अर्ज न देता गैरहजर होते. ते दोन्ही दिवस ते माझ्याच घरी होते. माझ्या आईच्या दफनाला आलेल्या दोनशे माणसांसाठी त्यांनी लाल भात शिजवला होता.

पगाराच्या खिडकीशी वाकून ते म्हणाले, "अरे किन, अर्ज देणार कुणाला? अर्ज घेणारा तर घरी रडत बसला होता!"

रांगेतली माणसे हसली. माझ्या पाठीमागे साहेब उभे होते. मी मान वर न करता म्हणालो, "नियम आहे, तुन बिसेंते."

"असू दे. भात तरी नीट झाला होता ना?"

मी रांगेतले पुढचे नाव पुकारले.

गेल्या वर्षी त्यांची बायको वारली. त्यांच्यासमोर उभे राहण्याची लाज वाटली, म्हणून मी दफनाला गेलो नाही. आईच्या दफनाला त्यांनी पाकिटात घालून दिलेले वीस डॉलर आमच्या रीतीप्रमाणे त्यांच्या बायकोच्या दफनाला परत द्यायचे होते. ते अजून बाकी आहेत.