पायांमागची जागा

शीळवालीने आयुष्यात कधी कुत्र्यावर हात उगारला नव्हता. उघड बोलून दाखवत नसली, तरी या गोष्टीचा तिला मनातून अभिमान होता.

लग्न होऊन ती या गोठ्यावर आली तेव्हा मात्र कुत्रं दिसलं की तिची बोबडी वळायची. माहेर शिंप्याचं. दोऱ्याच्या रिळांखेरीज त्या घरात कशाचा सांभाळ झालेला नव्हता. इथे गायींचा मोठा कळप, उतारावर पसरलेली तारेच्या कुंपणांची कुरणं, आणि कळप वळवायला सासऱ्यांची कुत्री. सासरे कामाला पक्के, पण हाताचे कडक. कुत्रं चुकलं की दोराने झोडपायचे. एकदा असंच एक पिल्लू मार चुकवत पळालं आणि कपडे वाळत घालणाऱ्या नव्या सुनेच्या पायांमागे जाऊन दडलं. ती भीतीने जागच्या जागी लाकूड झाली. पण सासऱ्यांचा हातही हवेतच थांबला. सुनेवर दोर कसा चालवणार? पुटपुटत निघून गेले. पिल्लू तिच्या पोटरीला अंग चिकटवून कितीतरी वेळ थरथरत राहिलं, आणि ओली चादर हातात धरून ती तशीच उभी राहिली.

सासरे थकले तशी कुत्री तिच्या हाताखाली आली. तिने दोर अडगळीत टाकला आणि आपली रीत बसवली. पिल्लू जरा पायावर उभं राहिलं की ती जवळच बादली आपटायची. ते दचकलं की मांडीवर थाप मारायची, ‘इकडे ये’ म्हणायची. पिल्लू धावत येऊन तिच्या पायांमागे शिरलं की मग लाडच लाड. हा पहिला धडा. शीळ ऐकून थांबणं, वळणं, गायीच्या टाचेला हलकं तोंड लावून लगेच जमिनीला चिकटणं, म्हणजे लाथ डोक्यावरून निघून जाते, हे सगळं त्यानंतर. परत यायची जागा ज्याला ठाऊक असते तोच बैलासमोर न डगमगता उभा राहतो, असं ती सांगायची, आणि तिची कुत्री खरोखरच तशी निघायची. लांबलांबचे गोठेवाले तिच्याकडून पिल्लं न्यायला लागले. दोन बोटं तोंडात घालून ती शीळ घाले ती पार खालच्या ओढ्यापर्यंत ऐकू जायची, म्हणून तिचं नाव शीळवाली पडलं.

ठिपक्या तिच्या हातचा सगळ्यात हुशार कुत्रा. कळप नसला तर तो माणसं वळायचा. घरी पाहुणे आले की न कळत सगळे ओसरीच्या एका कोपऱ्यात जमलेले असायचे, आणि ठिपक्या समोर बसून जो हलेल त्याच्यावर नजर ठेवायचा. “मला रोज आंघोळीला हाच हाकलतो,” असं नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

त्या सकाळी खालचं कुंपण पडलं आणि कालवडी शेजारच्या कुरणात घुसल्या. तिथे नुकत्याच व्यालेल्या गायी होत्या. व्यालेल्या गायीपुढे कुत्रं न्यायचं नसतं, हे शीळवालीला काय कोणी सांगायला हवं? पण त्या गायींत पुढारी होती थोरली. आई दगावल्यावर शीळवालीने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. माणसाच्या खांद्यावर मान टाकून डोळे मिटणारी गाय. थोरली आहे म्हटल्यावर कसली भीती, असा विचार करून तिने फाटक उघडलं आणि ठिपक्याला आत घेतलं.

कालवडी बाहेर निघाल्याही. शेवटची वळवायला ठिपक्याने मोठी गिरकी घेतली आणि उंच गवतात थबकला. तिथे थोरलीचं वासरू निजलेलं होतं. वासरू ओरडलं. थोरलीने मान वर केली, आणि पुढच्या क्षणी डोकं खाली घालून सुटली. ठिपक्या घाबरला. आणि जन्मापासून जे शिकला होता तेच त्याने केलं. वाऱ्यासारखा धावत आला आणि शीळवालीच्या पायांमागे शिरला.

तिने हात पसरून हाक मारली, “थोरले, अगं मी आहे!”

थोरली थांबली नाही. शीळवालीला नंतर आठवायचं ते एवढंच, की गायीच्या डोळ्यांत ओळख नव्हती. राग असता तरी समजलं असतं. थोरलीच्या लेखी शीळवाली जणू तिथे नव्हतीच. छातीवर भिंत कोसळल्यासारखा धक्का बसला आणि ती उताणी पडली. थोरलीने कपाळाने तिला जमिनीवर रगडलं, वरून पाय गेले, हाडाचा काडकन आवाज आला. मग गाय बाजूला झाली, ठिपक्यामागे धावली. सुटले, असं तिला वाटतंय तोच ठिपक्या गोल फिरून पुन्हा तिच्या अंगाला येऊन चिकटला, आणि गाय पुन्हा आली. असं पुनःपुन्हा. तिला ‘जा’ म्हणायचं होतं, पण छातीत श्वास नव्हता. आणि असता तरी, ‘जा’ हा शब्द तिने त्याला कधी शिकवलाच नव्हता.

नवरा ट्रॅक्टर घेऊन मध्ये घुसला म्हणून जीव वाचला.

दवाखान्यात ती दिवसचे दिवस बोलली नाही. बरगड्या मोडल्या होत्या, गळ्याचं हाड मोडलं होतं, पण जिभेला काही झालेलं नव्हतं. तिच्या सुन्न चेहऱ्याकडे बघून नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळायचं. एकदा तो म्हणाला, की ठिपक्याला देऊन टाकतो, डोळ्यांसमोर नको. तेव्हा तिने पहिल्यांदा तोंड उघडलं.

“अहो, त्याने काय चूक केली? मी शिकवलं तेच केलं. गायीला कुत्रा हवा होता. तो माझ्याकडे आला म्हणून मी सापडले.”

बोलता बोलता तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला. नवऱ्याला वाटलं दुखतंय. पण तिच्या डोळ्यांपुढे आपल्या हातची सगळी पिल्लं उभी राहिली होती. कुठल्या कुठल्या गोठ्यांवर, कोणाकोणाच्या पायांमागे धावणारी.

घरी आल्यावर तिने एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. चांगल्या हाताने रिसीव्हर धरून तेच तेच सांगत राहिली, की व्यालेल्या गायींत माझं कुत्रं नेऊ नका, ते तुमच्याकडे पळत येईल. लोक चौकशी करत, काळजी करू नका म्हणत. मग खालच्या खिंडीतल्या म्हाताऱ्या गोठेवाल्याला फोन लागला. त्याचा भाऊ लंगडतो, हे तिला ठाऊक होतं. घोड्यावरून पडला, असं तिने ऐकलं होतं.

“बाई,” तिचं ऐकून घेऊन तो म्हणाला, “भाऊ घोड्यावरून नाही पडला.”

तिला बसायला खुर्ची सापडेना.

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“कुत्रं जीव लावणारं होतं. तुम्हीही तशाच. कसं सांगणार?”

त्या दिवशी तिने पुढचे फोन नवऱ्याला करायला लावले. स्वतः मागच्या दारी जाऊन बसली. ठिपक्या येऊन पायांशी बसला तेव्हा तिचा हात त्याच्या डोक्याकडे गेला आणि मध्येच थांबला. गोठ्यात थोरलीसमोर ती पहिल्यांदा गेली तेव्हा आणखी एक धक्का बसला. थोरलीने नेहमीसारखी मान पुढे करून तिची बाही चाटली. काही झालंच नव्हतं जणू. शीळवाली तिथून अक्षरशः पळाली.

हाड सांधल्यावर तिने ठिपक्याला नवा धडा द्यायला घेतला. नवरा बादली आपटायचा, आणि ठिपक्या धावत आला की ती पाठ फिरवून चालू लागायची. कुंपणाच्या तारेखालून पलीकडे गेला तरच घास, तरच शाबासकी. तो गोंधळायचा. तिच्या पुढ्यात पोट टेकून कुं कुं करायचा, आपलं काय चुकलं ते तिच्या चेहऱ्यावर शोधायचा. ते बघून नवराच वैतागला. “यापेक्षा बाबांचा दोर बरा होता,” म्हणाला. ती मन घट्ट करून रोज पाठ फिरवत राहिली.

पुढल्या वेताच्या वेळी एक तरणी गाय फाटकाला धडक देऊन बाहेर पडली. समोर शीळवाली, तिच्या पुढे ठिपक्या. गायीने त्याला पाहिलं आणि ती उधळली. ठिपक्याने एकदा, अगदी ओझरतं, तिच्याकडे पाहिलं. मग वळला आणि सरळ तारेखालून पलीकडे निघून गेला. गाय शीळवालीच्या अंगाला वारा लागेल इतक्या जवळून त्याच्यामागे धावली, कुंपणापाशी फुसफुसली आणि वासराकडे परतली.

नवरा धापा टाकत आला. ती गवतात बसली होती.

“लागलं का कुठे?”

“नाही,” ती म्हणाली. “आला नाही तो माझ्याकडे.”

आणि इतके दिवस कोरड्या राहिलेल्या डोळ्यांना तिने दोन्ही तळवे लावले. तारेपलीकडे ठिपक्या कान टवकारून, आपलं बरोबर झालं की नाही याची वाट बघत उभा होता.