फाटकाबाहेरची हाजरी

मुनीमजींनी राखेच्या फावड्यावर अंड्याचं टरफल ठेवलं होतं आणि फावडं अंगापासून इतकं लांब धरलं होतं, की जणू वर विंचू बसला असावा.

"हे काय आहे, गणपत?"

"टरफल आहे, मुनीमजी."

"कशाचं?"

"आतला माल साहेबांच्या पोटात गेला. आता नक्की कसं सांगू?"

मुनीमजी हसले नाहीत. त्यांना हसताना मी तरी कधी पाहिलं नव्हतं. शेठजींच्या मातोश्री सकाळी इंजिनाची पूजा बघायला आवारात आल्या होत्या. परत जाताना त्यांना राखेच्या ढिगावर हे टरफल दिसलं, आणि त्या घरी जाऊन न जेवता झोपल्या होत्या. शेठजींच्या घरात कांदासुद्धा जात नसे. म्हाताऱ्या माणसाला वाईट वाटलं, ते मला समजत होतं. पण मुनीमजींना दुःख झालेलं नव्हतं. त्यांना संधी मिळाली होती. माझ्या जागेवर बसवायला त्यांचा एक मेहुणा केव्हापासून तयार होता.

"आजपासून या आवारात अंडं शिजणार नाही," ते म्हणाले.

"मग साहेब राहणार नाही."

"साहेबाला पुरी-भाजी घाल."

"साहेबाच्या करारात मोठी हाजरी लिहिली आहे. तिच्यात अंडी आहेत."

"मग फाटकाबाहेर जाऊन शिजव!" मुनीमजी ओरडले आणि टरफल फावड्यासकट टाकून निघून गेले.

आता जरा समजावून सांगतो. ही कारंज्याच्या एका जिनातली गोष्ट आहे. जिन म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढणारा कारखाना. दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंत त्याचा सीझन. तेवढे महिने इंजिन थांबता कामा नये, म्हणून शेठजींनी मुंबईच्या कंपनीकडून एक गोरा इंजिनियर मागवला होता. हॅरिस साहेब. कामगार त्याला हरीभाऊ म्हणत आणि तो 'ओ' देई. मी त्याचा बटलर. मूळचा धनजचा कुणबी, पण विळा धरायच्या वयात अकोल्याला डाक बंगल्यावर एका म्हाताऱ्या खानसाम्याच्या हाताखाली गेलो आणि तिथं साहेबी स्वयंपाक शिकलो.

साहेब लोकांचा दिवस छोट्या हाजरीनं सुरू होतो. म्हणजे अंथरुणातला चहा आणि सोबत काहीतरी कुरकुरीत. मग काम करून आलं की मोठी हाजरी. त्यात पॉरिज, टोस्ट, अंडी, मार्मलेड. पुस्तकात असं आहे. कारंज्यात पुस्तक चालत नाही. पाव आगगाडीनं यायचा आणि येईपर्यंत त्याची वीट व्हायची. म्हणून मी आदल्या दिवशीची ज्वारीची भाकर पातळ चिरून, लोणी लावून निखाऱ्यावर शेकायचो. तो टोस्ट. संत्र्याची साल बारीक कापून, उकळून, कडू पाणी फेकून, साखरेत आटवायचो. ते मार्मलेड. ऑम्लेटमध्ये हिरवी मिरची आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. आणि पॉरिजचा विलायती डबा संपल्यापासून पॉरिज कशाचं होत होतं, ते पुढे येईलच.

तर मुनीमजींचा हुकूम झाला होता. त्यांना वाटलं, गणपत आता पाया पडेल, नाहीतर बोचकं बांधेल. रस्त्यावर साहेब जेवणार कसा, आणि बटलर त्याला वाढणार कसा? मी मात्र हुकमाचा अगदी शब्द न् शब्द पाळायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाबाहेर निंबाखाली तीन दगडांची चूल मांडली. साहेबाचं टेबल बाहेर आणलं. पांढरी चादर अंथरली, तिला इस्त्री केलेली. चिनी मातीच्या बशा, काटे, चमचे, घडी घातलेला नॅपकिन. मी पांढरा कोट घातला आणि कमरेला लाल पट्टा बांधला. हा पट्टा मी फक्त कमिशनर साहेबासाठी राखून ठेवला होता.

फाटकापासून पार नाल्यापर्यंत कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग लागलेली. सीझनमध्ये वजनकाट्यावर नंबर लागेपर्यंत शेतकरी चार-चार दिवस बंडीखालीच राहतात, तिथंच खातात, तिथंच झोपतात. माझं टेबल लागलं तशी सगळी रांग उठून उभी राहिली.

मुनीमजी धावत आले. वाकून बघितलं. "टेबलाचा एक पाय आत आहे!"

"त्या पायाला अंडं लागलेलं नाही," मी म्हणालो. तरी टेबल वीतभर सरकवलं. हुकूम म्हणजे हुकूम.

साहेब आला. टेबल बघितलं, बंड्या बघितल्या, मला बघितलं.

"बटलर, ये क्या है?"

"बडी हाजरी, साहेब. खुली हवा में."

बसला बिचारा. खाल्लं. पण शंभर डोळे घासावर असले की घास उतरत नाही. अर्धं ऑम्लेट तसंच सोडून उठला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "एक दिन और देखेगा. फिर हम कंपनी को चिट्ठी लिखेगा. हम चला जाएगा."

साहेब गेला की इंजिन बंद, आणि बटलरचं काम तर त्याच्या आधी बंद. मुनीमजी फाटकात उभे राहून ऐकत होते. साहेबाची हिंदी सगळी कळली नसली तरी साहेबाचा चेहरा त्यांना कळला. मेहुण्याला निरोप गेलासुद्धा.

इकडे रांगेत वेगळीच कुजबुज. मला वाटलं, अंड्यावरून चाललीय. जवळच्या बंडीवर कामरगावचा किसन होता, जाड मिशांचा, तोंडाळ माणूस. त्याला विचारलं.

"अंड्याचं कोनाले काय पडलं बे?" किसन म्हणाला. "आमच्या घरी कोंबड्या काय शोभेले पाळल्या? पन एवढे लोक समोर उभे, अन् ह्या मानसानं एकालेबी 'या जेवाले' म्हनलं नाई. याच्या मायनं शिकवलं नाई का याले?"

परगावच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे शिदोरी सोडली, की जवळपास जो दिसेल त्याला 'या जेवाले' म्हणावंच लागतं. ओळख नसली तरी. आणि ज्याला म्हटलं त्यानं 'होऊ द्या, होऊ द्या' म्हणून पुढं जायचं असतं. बोलावणाऱ्याला ठाऊक असतं की हा येणार नाही, आणि जाणाऱ्याला ठाऊक असतं की थांबायचं नाही. पण म्हटलं नाही, तर तो माणूस आयुष्यभर लक्षात राहतो.

त्या दुपारी किसननं साहेबाला रीत शिकवायचं ठरवलं. साहेब काट्याकडे निघाला होता. किसननं बंडीखाली भाकर सोडली, बुक्कीनं कांदा फोडला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा ओरडला, "या जेवाले, साहेब!"

साहेब थांबला. माझ्याकडे वळला. "क्या बोलता?"

"आपको खाने को बुलाता, साहेब."

पुढचं सांगायची मला घाई झाली होती, म्हणजे 'होऊ द्या' म्हणा आणि चला. पण साहेबाच्या मुलखात उगाच कोणी कोणाला बोलावत नसावं. त्यानं टोपी काढली, वाकला, आणि बंडीखाली शिरून किसनच्या समोर फतकल मारून बसला.

रांगेतला एकही बैल हलला नाही. किसनचा हात भाकरीवरच राहिला. त्याच्या उभ्या जन्मात 'या' म्हटल्यावर कोणी आलं नव्हतं.

"काय करू बे आता, गनपत?" तो ओठ न हलवता म्हणाला.

"वाढ," मी म्हणालो.

किसननं अर्धी भाकर मोडून दिली, वर ठेच्याचा गोळा. साहेबानं घास घेतला. आधी कान लाल झाले, मग नाक, मग डोळ्यांतून पाणी. साहेबानं नाक पुसलं आणि भाकरीचा तुकडा पुढं करून ठेच्याकडे बोट दाखवलं. आणखी पाहिजे होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब टेबलाशी आला तो मला विचारतच. "वो कल क्या बोला? हम को सिखाओ." मी शिकवलं. मग हॅरिस साहेब निंबाखाली उभा राहिला आणि परेडवर असल्यासारखा गरजला, "या जेवाले, किसन!"

"होऊ द्या, होऊ द्या," किसन घाईनं म्हणाला.

याचा अर्थ 'नको' होतो, हे साहेबाला कोण सांगणार? मी तर नव्हतोच सांगणार. साहेबानं स्वतः दुसरी खुर्ची ओढली. रांगेत हशा पिकला. "जा ना बे किसन्या! काल त्यानं तुही भाकर खाल्ली, आता कायले लाजून राह्यला?"

किसन आला. खुर्चीवर चढून मांडी घालून बसला. मी लाल पट्टा सरळ केला, आणि कमिशनरला वाढावं तसं त्याच्यापुढे पॉरिज वाढलं. वर दूध, वर गूळ.

किसननं एक चमचा तोंडात घातला. थांबला. बशीत वाकून बघितलं.

"ह्या तं कन्या हायेत!"

"पॉरिज," साहेब म्हणाला.

"कन्या, साहेब! ज्वारीच्या! माही माय रोज करते!"

"नो, नो. पॉरिज."

ज्वारी भरडून शिजवलेल्या त्या कण्याच होत्या, पण दोघंही हटेनात. दोघांच्याही बशा मात्र साफ झाल्या. मग मी गरम भाकरीचा पदर उचलून आत ऑम्लेट सारलं आणि किसनच्या हातात दिलं. तो खाताना बोलला नाही, आणि किसन बोलत नाही ही गोष्ट रांगेनं फार मनावर घेतली. तिसऱ्या दिवशी शेतकरी आपापली भाकर घेऊनच चुलीशी आले. "बटलरसाहेब, यातबी घाला नं अंडं." मार्मलेडची बरणी रांगेतून नाल्यापर्यंत गेली आणि चाटून परत आली. साहेब टेबल सोडून बंडीच्या जुवावर बसून खाऊ लागला. चिठ्ठीचं नाव निघेना.

मुनीमजींना हे कसं सहन व्हावं? मला बाहेर काढलं ते बंद पाडायला, आणि बाहेर तर जत्रा भरली होती. चौथ्या दिवशी ते इंजिनाची बादली घेऊनच आले.

"हे फाटक शेठजींचं आहे! इथं तमाशा चालणार नाही!"

"फाटक आत आहे, मुनीमजी. मी बाहेर आहे. तुमच्याच हुकमानं."

त्यांनी पाणी सरळ चुलीत ओतलं. फस्सकन वाफ आली, राख उडून किसनच्या भाकरीवर बसली.

मला वाटलं होतं मारामारी होईल. किसन उठला, भाकर बैलाला घातली, हात झटकले आणि जू उचललं. त्याच्या मागच्यानं बैल जुंपले. मग त्याच्या मागच्यानं. भावाची बोली होईपर्यंत कापूस शेतकऱ्याचा असतो, आणि दुसरं जिन नाल्यापलीकडेच होतं. बंड्यांची तोंडं एकेक करून तिकडे वळायला लागली.

तेवढ्यात शेठजींची मोटार आली. बंड्या वळलेल्या बघून ते चालत्या गाडीतूनच उतरले म्हणा ना.

"अरे, काय झालं? कुठं चालले?"

किसननं बैल थांबवले. "शेठजी, तुमच्या दारात जेवत्या मानसाच्या चुलीत पानी वतलं. अशा दारात आमी कापूस नाई टाकत."

शेठजींचा चेहरा पडला. अंड्याचं त्यांना वाईट वाटत होतंच. पण माणूस जेवत असताना त्याची पेटती चूल विझवणं, हे त्यांच्या घरात त्याहून वाईट. त्यांनी मुनीमजींकडे बघितलं. बादली अजून हातातच होती.

"ज्यानं विझवली, त्यानं पेटवावी," शेठजी हळू आवाजात म्हणाले.

मुनीमजी रस्त्यावर उकिडवे बसले. ओली लाकडं, हातात फुंकणी, धोतर राखेत, डोळ्यांत धूर. अंड्याचा तवा मी आधीच उचलून लांब नेला. तेवढी अदब मला होती. फार वेळ लागला. मी मदत केली नाही. जाळ धरला तेव्हा किसननं जू खाली ठेवलं आणि म्हणाला, "या जेवाले, मुनीमजी."

"होऊ द्या," मुनीमजी म्हणाले. रीत त्यांना बरोबर ठाऊक होती.

संध्याकाळी शेठजींनी मला बोलावलं. "गणपत, आवाराच्या मागं भिंत घालून देतो. वेगळा बबर्चीखाना. ये आत."

"नको, शेठजी," मी म्हणालो. "साहेबाचं काम चोख करीन. पण चूल बाहेर काढली, ती बाहेरच राहील."

साहेब सीझन संपल्यावर मुंबईला गेला. पुढच्या वर्षी दुसरा आला, तोही निंबाखालीच जेवला. निंबाला आता टिनाचं छप्पर लागलं आहे, बाकं आहेत, आणि पाटी नसली तरी सगळे त्याला बटलरचं हॉटेल म्हणतात. कण्याही मिळतात आणि पॉरिजही मिळतं. एकाच पातेल्यातून.

मुनीमजींचा मेहुणा इथं रोज येतो. मुनीमजी येत नाहीत. उपरणं नाकाला लावून रस्त्याच्या पलीकडून जातात. फक्त वारा तिकडे वाहत असला की जरा सावकाश चालतात.

या धंद्यात मी एवढंच शिकलो, की माणसाला फाटकाबाहेर काढण्याआधी बाहेर कोण उभं आहे ते बघून घ्यावं.