सूटपत्रातला रस्ता

नाकासमोरकाका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहायचे आणि सव्वीस वर्षांत त्या बंदुकीने त्यांनी एका माशीलाही दुखावलं नव्हतं. माश्या बसायच्या, नाही असं नाही. नळीच्या टोकावर बसून निवांत पाय चोळायच्या. काका त्यांना फुंकर मारून उठवायचे, तीही जरा तिरकी, कारण सरळ फुंकर मारली की वाफ नळीत जाते आणि गंज चढतो.

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच पडून असायचं. बाकी जग त्यांना नाकासमोर म्हणायचं. माणूस खरोखरच नाकासमोर चालायचा. घरून बँक, बँकेतून घर. वाटेत कुणी हाक मारली तर मान न वळवता "हो" म्हणायचे आणि पुढे जायचे. नव्या माणसाला वाटायचं, मान आखडलीय. मान ठणठणीत होती. कायदा होता.

त्या शहरात रस्त्यावर शस्त्र घेऊन फिरायला बंदी होती. कायदा मोठा कडक. पण कडकातल्या कडक कायद्याच्या शेवटी एक मऊ पान असतं, आणि तो कायदा कोणाला लागू नाही याची यादी त्यावर असते. ही यादी सैनिकांपासून सुरू व्हायची, मग पोलीस, न्यायाधीशांचे अंगरक्षक, तुरुंगाचे पहारेकरी, आणि पार तळाला, शेवटून दुसऱ्या ओळीत, बँकेचे रखवालदार. शेवटच्या ओळीत नाटकातले नट होते. "म्हणजे तुमच्यापेक्षा खोटे फक्त तेच," असं काकू म्हणायच्या.

सूट मिळायची ती अटींवर. अंगावर गणवेश हवा. वाटेत बंदूक रिकामी आणि गवसणीत हवी. बसमध्ये, टॅक्सीत चढायचं नाही. आणि घर ते बँक या ठरल्या रस्त्यानेच जायचं. सूटपत्र करताना कारकुनाने "रस्ता कोणता?" असं विचारल्यावर बाकी सगळ्या रखवालदारांनी 'नेहमीच्या' एवढंच लिहून दिलं होतं, आणि पुढे त्यांच्या नेहमीच्या रस्त्यात भाजीबाजार, सासुरवाडी आणि दुपारचा सिनेमाही यायला लागला. काका तेव्हा नवे आणि हुशारीत होते. आदल्या दिवशी त्यांनी दोनदा चालून रस्ता पाठ केला होता.

"घरातून डावीकडे," ते म्हणाले, "गिरणीच्या भिंतीलगत, पादचारी पुलावरून, कापडवाल्यांच्या गल्लीने, बँकेचं मागचं दार. गल्लीच्या कुठल्या बाजूने, तेही लिहायचं का?"

कारकुनाने बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि 'उजव्या' असं लिहिलं. अशा रीतीने सबंध शहरातली सगळ्यात अरुंद सूट काकांच्या वाट्याला आली. ती भिंतीवर टांगायची तेवढी त्यांनी बाकी ठेवली.

काकू घरी शाळेचे गणवेश शिवायच्या. मूलबाळ नव्हतं. दिवसभर मशीन चालायचं, आणि संध्याकाळी काका आले की जीभ चालायची. रविवारी काका बंदूक मांडीवर घेऊन तेलाचं बोट फिरवायला बसले की त्या म्हणायच्या, "माझ्या केसांना कधी लावलंत का असं तेल? सवत आहे मेली माझी." बंदुकीची गवसणी त्यांनीच शिवली होती, जुन्या कोटाच्या कापडाची, आतून मऊ फ्लॅनेल लावून. "सवतीला टाचून कपडे देणारी मी पहिलीच असेन." काका "हो" म्हणायचे. संसारात तिने बोलायचं आणि यांनी हो म्हणायचं, ही वहिवाट पडली होती आणि दोघांनाही ती सोयीची होती.

मग काकूंना खोकला लागला आणि तो काही जाईना. मशीन थांबलं. फुप्फुसं पार निकामी होत आली आहेत, असं डॉक्टरांनी काकूंच्या धाकट्या बहिणीला बाजूला घेऊन सांगितलं, आणि तिने ते काकांना बाजूला न घेता सांगितलं.

हॉस्पिटल कापडवाल्यांच्या गल्लीच्या पलीकडे, दोन वळणांवर. पुलावरून त्याचा तिसरा मजला लख्ख दिसायचा. भेटीची वेळ चार ते सहा. काका सुटायचे पाचला. बंदूक त्यांच्या स्वतःच्या नावावर, त्यामुळे ती बँकेत ठेवायची तर तिजोरीच्या खोलीतच, आणि ती खोली साडेचारला बंद झाली की सकाळपर्यंत मॅनेजरलाही उघडता यायची नाही. म्हणजे बंदूक खांद्याला लावून आधी घरी जायचं, कपाटात कुलूपबंद करायची, बस पकडून परत यायचं. सव्वासहा. गेट बंद. रजा घ्यावी तर बदली बंदूकवाला नव्हता. नोकरी सोडावी तर उपचार बँकेच्या योजनेतून चालले होते; नोकरी सुटली असती तर काकूंची खाटही सुटली असती. उरला रविवार.

तेव्हा काका रोज जाता-येता पुलावर क्षणभर थांबायचे आणि तिसऱ्या मजल्यावरच्या कडेच्या खिडकीकडे हात हलवायचे. खिडकीतूनही हात हलायचा. काकांना तेवढ्याने बरं वाटायचं.

"भाऊजी," एका रविवारी मेहुणी म्हणाली, "तुम्ही हात कोणाला करता?"

"हिला."

"ताईची खाट भिंतीकडे आहे. खिडकीत बसते ती पायाच्या हाडाची बाई. ती सगळ्या वॉर्डला विचारत असते, हा कोण गणवेशातला माझ्या मागे लागलाय म्हणून."

काकू हसल्या आणि हसता हसता खोकल्या, आणि मग बराच वेळ नुसत्या खोकत राहिल्या. ओसरल्यावर म्हणाल्या, "एखाद्या दिवशी मधल्या वारी या ना. रविवार ते रविवार फार लांब पडतं हो."

काकांनी सोमवारीच जेवणाच्या सुट्टीत परवाना कार्यालय गाठलं. रस्त्यात हॉस्पिटल घालून द्यावं, असा अर्ज केला. कारकून आता नवा होता, पण टेबल तेच.

"हॉस्पिटलात शस्त्र नेता येत नाही, काका. ती बंदीची जागा आहे."

"आत नको. गेटपर्यंत. गेटवर ठेवीन."

"गेटवर ठेवून घेतील असं हॉस्पिटलचं पत्र आणा."

"त्यांच्याकडे गेलो होतो. ते म्हणाले, आधी तुमचा हुकूम आणा."

"बरोबर आहे त्यांचं," कारकून म्हणाला. त्याने जुनं सूटपत्र उलगडलं, वाचलं, पुन्हा वाचलं. "उजव्या बाजूने? काका, हे कोणी लिहून घेतलं?"

"मीच सांगितलं."

"नुसतं 'नेहमीच्या रस्त्याने' म्हणाला असतात तर आज हा अर्जच नको होता. तुम्हीच स्वतःला कोंडून ठेवलंत की!" त्याने अर्जावर शिक्का मारला. "सुनावणी चौदा तारखेला."

त्या दिवशी सहा तारीख होती.

नऊ तारखेला, गुरुवारी, पाचला दहा मिनिटं कमी असताना बँकेत फोन आला. मेहुणी होती. नेहमी तिच्या एका वाक्यात चार टोमणे असायचे. आज ती एवढंच म्हणाली, "भाऊजी, या."

मॅनेजर म्हणाले, "निघा तुम्ही. बंदूक ठेवा माझ्या टेबलाखाली."

"तुमच्या नावावर नाही, साहेब. दोघंही आत जाऊ," काका म्हणाले आणि निघाले. कापडवाल्यांच्या गल्लीत, उजव्या बाजूने, ते दुकानांच्या पायऱ्यांना घासत भरभर चालले. गल्ली संपते तिथून समोर पूल होता आणि डावीकडे हॉस्पिटलचा रस्ता. सव्वीस वर्षांत काका तिथं कधी डावीकडे वळले नव्हते. ते वळले. कुठेतरी शिट्टी वाजेल, असं त्यांना वाटलं होतं. कसलं काय! एका भाजीवाल्याने हातगाडी आडवी घातली आणि "ओ, बघून" असं वर त्यांनाच ऐकवलं.

हॉस्पिटलच्या गेटवर त्यांच्याच वयाचा, हातात काठी असलेला रखवालदार होता. त्याने गवसणीचा आकार पाहिला आणि उठून उभा राहिला.

"भाऊ, ही आत नाही जायची."

"माहीत आहे. तुम्ही धराल?"

"माझ्याकडे सूट कुठाय? माझी नुसती काठी."

"सुटी करून देतो. दस्ता वेगळा, नळ्या वेगळ्या."

गेटवाल्याने प्रामाणिकपणे विचार केला. "मग मला एकाच्या जागी तीन वस्तू लिहाव्या लागतील."

एवढ्यात मेहुणी धावत खाली आली. काकांनी बंदुकीकडे बोट दाखवलं. तिने कपाळाला हात लावला, तशीच वर गेली आणि धापा टाकत परत आली. "ताई विचारते, जेवलात का?"

"हो म्हण."

तीन मजले वर, तीन मजले खाली. "ताई म्हणते, खोटं. डबा तसाच परत नेत असणार, म्हणते."

काकांचा डबा तसाच होता. "तिला म्हणावं, मी खालीच आहे. गेटवर."

मेहुणी पुन्हा वर गेली. या वेळी ती सावकाश उतरली. "सांगितलं," ती म्हणाली. "आता ती बोलत नाहीये."

काकांनी खांद्यावरून बंदूक उतरवली आणि गेटवाल्याच्या स्टुलावर आडवी ठेवली. आपण काय करतोय हे त्यांना नीट ठाऊक होतं. नसत्या रस्त्याने जाणं हा लहान गुन्हा, आणि शस्त्र बेवारस टाकणं हा मोठा. गेटवाला म्हणाला, "भाऊ, मला वेळ लिहावी लागेल." "लिहा," काका म्हणाले आणि जिने चढले.

वॉर्डच्या दारावर घड्याळ होतं. पाच तेवीस. काकू डोळे मिटून होत्या, श्वास अडखळत होता. काका खाटेच्या कडेवर बसले आणि त्यांनी हात हातात घेतला. काहीतरी बोलावंसं त्यांना फार वाटलं, पण बोलण्याची सवय त्या घरात एकटीलाच होती. एकदा काकूंनी डोळे उघडले, गणवेशाच्या बाहीवरून बोट फिरवलं.

"लवकर सुटलात?"

"हो," काका म्हणाले.

त्यानंतर त्यांनी विचारलं नाही आणि यांना सांगावं लागलं नाही. पाच चौतीसला नर्सने काकांचा हात हळूच सोडवला.

ते खाली आले तेव्हा गेटवाला स्टुलापासून हातभर अंतरावर, हात पाठीशी बांधून उभा होता. त्याने बंदुकीला बोट लावलं नव्हतं आणि कुणाला लावू दिलं नव्हतं. पण वहीत लिहिलं होतं. न लिहावं तर त्याची काठी गेली असती.

चौदा तारखेला काकांचा अर्ज आणि काकांचा गुन्हा हे दोन्ही एकाच फाइलीत सुनावणीला आले, कारण कार्यालयात पुठ्ठे कमी होते. अधिकारी बाई चांगल्या होत्या. त्यांनी अर्ज बाजूला ठेवला, आता त्याचा उपयोग नाही हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. मग वहीची नोंद वाचली.

"बंदूक स्टुलावर, मालक गैरहजर, सतरा मिनिटं. आता गैरहजर म्हणजे काय? तिथंच पायरीवर बसला असाल. गेटपासून चार पावलांवर, बंदूक नजरेच्या टप्प्यात. बरोबर?"

काकांनी गणवेशाची बाही सरळ केली.

"मी तसं लिहिते. ताकीद देऊन सोडता येईल. सूट राहील, नोकरी राहील. फक्त हो म्हणा."

मागच्या बाकावरून मेहुणी कुजबुजली, "म्हणा हो, भाऊजी. जन्मभर तेच तर म्हणत आलात."

"नाही," काका म्हणाले.

बाईंनी चष्मा काढला. "काय नाही?"

"मी गेटवर नव्हतो. तिसऱ्या मजल्यावर होतो, तिच्यापाशी. पाच तेवीस ते पाच चौतीस."

"अहो, तुमच्या भल्यासाठी सांगतेय. या वयात दुसरी नोकरी कोण देणार?"

"कोणी नाही देणार," काकांनी मान्य केलं. "पण तुम्ही मला गेटवर लिहिलंत, तर ती एकटी होती असं होतं, बाई."

कारकुनाने लिहिता लिहिता हात थांबवला. काका काही मागे घेईनात. तेव्हा बाईंनी खालच्या आवाजात सांगायला सुरुवात केली आणि कारकून लिहीत गेला: परवानाधारक तिसऱ्या मजल्यावर पत्नीजवळ होता, असे तो कबूल करतो, शस्त्र सतरा मिनिटे बेवारस, सूट रद्द, शस्त्र जमा.

काकांनी टेबलावर बंदूक ठेवली, काडतुसं मोजून दिली, सही केली. मग कारकुनाकडे वळून विचारलं, "याची एक नक्कल मिळेल का?"

"मिळेल की," कारकून म्हणाला. "आठ दिवसांनी या."