अर्ध्या दिवसाची रजा

साताऱ्याहून येऊन मी विश्रामबागेतल्या एका ज्युनिअर कॉलेजात दोन वर्षं इंग्रजी शिकवलं. नव्वदीची सुरुवात होती आणि सांगलीत ज्याला त्याला इंग्रजी यायलाच हवं होतं. आमच्या प्राचार्यांना ते येत असे. निदान तसा त्यांचा समज होता आणि तो आम्ही सगळे सांभाळत होतो. त्यांच्या केबिनबाहेर एक फळा होता. स्टाफपैकी कुणाची इंग्रजीत चूक झाली की ती नावानिशी तिथे लागे. 'डिड'पुढे 'वेंट' लिहिणारे भूगोलाचे सर आठवडाभर तिथे लटकत होते. पुढच्याच आठवड्यात एका स्पेलिंगपायी मी लागलो. इंग्रजीचा मास्तरच फळ्यावर, म्हणून बघायला पोरांची गर्दी झाली. ते मी विसरलो नव्हतो.

रजेचा अर्ज इंग्रजीत आणि बिनचूक हवा, चुकला तर पुन्हा लिहायचा, हाही त्यांचाच नियम. तो शिपायालाही लागू होता.

आमचा शिपाई इस्लामपूरकडचा, चाळिशीचा, सातवी शिकलेला. एका सकाळी तो माझ्याकडे आला.

"सर, भाऊ मिल्ट्रीत हाय माझा. बेळगावास्नं आसामला निघालाय. साडेतीनला मिरजंत गाडी वीस मिन्टं थांबतीया. दोन वर्सं झाली, त्वांड बघितलं न्हाई. येवढा अर्ज लिवून द्या."

मी मसुदा लिहून दिला. तो उतरवताना त्यानं एक अक्षर गाळलं. अर्ज परत आला. दुसऱ्या खेपेला क्रियापदाचं रूप बिघडलं, पुन्हा परत.

"काय रं गड्या, भाऊ ब्रिगेडियर हाय काय? लय तपासत्यात अर्ज!" कारकून म्हणाला. शिपाई हसला. तेव्हा दोन वाजत आले होते.

तिसरा अर्ज त्यानं अक्षर न् अक्षर बघून लिहिला. प्राचार्यांनी मला बोलावलं. 'हाफ डेज लीव्ह' या शब्दांभोवती लाल गोल होता.

"हा एस कुठून आला? 'हाफ डे लीव्ह' म्हणतात. हेच शिकवता?"

तो एस माझ्या मसुद्यातला होता; आधीच्या दोन खेपांना पहिली चूक दिसताच अर्ज परत आला, म्हणून तो निसटला होता. 'चुकलं, सर' एवढं म्हटलं असतं तर शिपायाला मिरजेची अडीचची बस मिळाली असती. मी म्हणालो, "डिक्शनरी बघू या."

डिक्शनऱ्या ग्रंथालयाच्या कपाटात होत्या आणि कपाटाची किल्ली शिपायाकडे. त्यानंच दोन ठोकळे आणून टेबलावर ठेवले. एक माझ्या बाजूनं बोलली, दुसरी काहीच बोलली नाही. प्राचार्यांची खरी डिक्शनरी त्यांच्या घरी होती. तीही आणायला शिपायालाच सायकलवर पिटाळलं. तो घामेजून परत आला.

"आवं सायेब, गाडी…"

"थांब रे. हे एकदा कायमचं मिटू दे."

तिसऱ्या डिक्शनरीच्या मते दोन्ही चालत होतं.

"म्हणजे माझं बरोबर," प्राचार्य म्हणाले.

"माझंही चूक नाही," मी म्हणालो.

त्यांनी झोकात सही केली. घड्याळात पावणेचार होत आले होते. मिरजेला बसनं अर्धा तास लागतो.

शिपायानं कागद हातात घेतला नाही. "ऱ्हाऊ द्या सायेब. आता रजा नगं."

"मंजूर रजा परत घेता येत नाही. रजिस्टरला लागली."

तो बाहेर पायरीवर जाऊन बसला. जाता जाता कारकुनाला एवढंच म्हणाला, "खिडकीत बस म्हून कळवलं हुतं त्येला."

पाच वाजून गेले तरी घंटा झाली नाही. प्राचार्य चिडून व्हरांड्यात आले.

"तो रजेवर आहे, सर," मी म्हणालो. मला तेव्हा हा विनोद फार जमल्यासारखा वाटला होता.

"रजेवर असला तरी इथेच बसलाय ना? ऊठ रे, घंटा दे."

तो उठला आणि त्यानं घंटा दिली. रजिस्टरात अर्धा दिवस तसाच राहिला.