जॅकवेलपाशी मासे आहेत

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील समस्त गळ टाकणाऱ्या बंधूंना, त्यांच्या कुटुंबीयांना व हितचिंतकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, कृष्णाकाठच्या बंद पडलेल्या जॅकवेलपाशी मोठे मासे लागतात, ही बातमी पूर्णपणे खोटी होती. ती मी पसरवली. पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दबावाशिवाय आणि खरं सांगायचं तर फार आनंदाने पसरवली. त्यापायी ज्यांचे रविवार बुडाले, त्यांची मी क्षमा मागणार होतो. पण पुढे जे घडलं त्यानंतर क्षमा कोणी कोणाची मागायची, हेच मला कळेनासं झालं आहे.

जॅकवेल म्हणजे नदीचं पाणी उपसायला पात्रात बांधलेली उंच, गोल विहीर. आमची ही विहीर जुन्या पाणीयोजनेची. योजना बंद पडली, पंप गेले, उरला तो उभा काळा गोल आणि त्यावर बसलेले पाणकावळे. खाली गाळ आणि जलपर्णी. तिथे मासा नाही हे कराडपासून सांगलीपर्यंत शाळेतल्या पोरालाही ठाऊक होतं.

कराडात माझा फोटो स्टुडिओ आहे. शेजारी गाद्या-रजया भरणाऱ्याचं दुकान. तो पिंजाऱ्याचा मुलगा, आता स्वतःही पन्नाशीला टेकलेला. त्याचा कापूस माझ्या दुकानात उडतो, माझी गिऱ्हाइकं त्याच्या गाद्यांवर बसून वाट पाहतात. गेली बावीस वर्षं आम्ही रविवारी पहाटे एका मोटरसायकलवर गळ टाकायला जातो. म्हणजे जात होतो.

जात होतो ते त्याच्या डोहावर. तो कुठे आहे ते मी आजही सांगणार नाही. दोन्ही जिल्ह्यांच्या शिवेजवळ कुठेतरी, एवढं पुरे. हा डोह त्याच्या वडिलांना एका म्हाताऱ्या भोयाने दाखवला आणि त्याबरोबर त्याचा कायदाही दिला. एकाने आयुष्यात एकालाच दाखवायचा, आणि जोडीदाराला टाकून दुसऱ्या पाण्यावर बसायचं नाही. वडिलांनी त्याला दाखवला. त्याची पाळी आली तेव्हा त्याचा सख्खा मेहुणा डोळे लावून बसला होता. याने निवडलं मला. मेहुणा दोन ईद जेवायला आला नाही. मला त्याने मनगटापर्यंत हात पाण्यात घालायला लावला आणि कायद्याची दोन्ही कलमं माझ्या तोंडून वदवून घेतली. मी ती नाटकातल्या राजपुत्रासारखी म्हटली. तो म्हणाला, आवाज कमी कर, मासे पळतील.

मग मोबाइल आले आणि त्यामागून आमचा ग्रुप आला. साठ-सत्तर गळवाले. मासा दाखवल्याशिवाय कोणालाही राहवत नाही आणि जागा कोणालाही दाखवायची नसते, अशी ती पंचाईत. कोणी रोहू घरी नेऊन मोरीत धरायचा. कोणी स्कूटरच्या सीटवर वांब आडवी ठेवायचा. मागचं काही दिसू नये म्हणून फोटो इतका कापायचे की एका माजी सरपंचाचं आम्ही कित्येक वर्षं फक्त पोट पाहिलं, वर मासा. समोरासमोर भेट झाली तेव्हा त्याला चेहराही आहे याचं नवल वाटलं.

माझी तऱ्हा अर्थातच वेगळी. स्टुडिओतले जुने रंगवलेले पडदे माझ्याकडे पडून होते. त्यांतला एक घडी करून डोहावर नेऊ लागलो. बाभळींना दोऱ्या बांधून पडदा ताणायचा आणि गादीवाल्याला मासा घेऊन उभा करायचा. मागे बर्फाचे डोंगर, लाल कौलांचं घर, पुढे लुंगी वर खोचलेला हा आणि हातात कटला. ग्रुपवर या फोटोंना मोठा मान होता, असा माझा समज होता. तो एके दिवशी पलूसच्या एका मेडिकलवाल्याने मोडला. त्याने लिहिलं, "मासा बर्फातला हाय का बाजारातला?"

पुढे तासभर सगळा ग्रुप हसत होता. बाजारातून मासा आणून फोटो काढला, यापेक्षा मोठी शिवी गळवाल्याला नाही. गादीवाल्याने ती वाचली आणि कापूस झोडपत राहिला. मी मात्र त्याच दिवशी ठरवलं की ह्यांना जागा हवी ना, देऊ.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी डोहावर चार किलोचा रोहू लागला. तो ओल्या पोत्यात गुंडाळून आम्ही दोन मैल खाली जॅकवेलपाशी आणला. फोटो काढायला मी बराच वेळ घेतला. गादीवाल्याच्या खांद्यामागून जॅकवेलचा एवढासा तुकडा दिसला पाहिजे, तोही चुकून राहून गेल्यासारखा. आयुष्यभर लोकांच्या लग्नात नको ते फोटोबाहेर ठेवण्याचं काम केलं, तेव्हा हवं ते चुकून आत कसं आणायचं हे मला सांगावं लागत नाही. फोटो ग्रुपवर टाकला. आणि आता माझ्या कलेचा कळस पाहा. दहा मिनिटांनी तो घाईघाईने उडवून टाकला.

तेवढ्यात पन्नास जणांनी तो जपून ठेवला होता.

पुढच्या रविवारी जॅकवेलपाशी चार मोटरसायकली. त्याच्या पुढच्या रविवारी अकरा. पौषात तिथे वड्याचा गाडा लागला. आम्ही डोहावरून परतताना मुद्दाम वाट वाकडी करून जॅकवेलजवळच्या पुलावरून पाहायचो. खाली गाळात पाय रुतवून ओळीने बसलेले ते तपस्वी पाहून मला इतकं हसू यायचं की गाडी बाजूला घ्यावी लागे. मेडिकलवाला सगळ्यांत पुढे. तो तर मासे गोळा व्हावेत म्हणून शेंगदाण्याची पेंड शिजवून घमेल्याने आणायचा आणि पाण्यात फेकायचा. त्याचं पाहून बाकीच्यांनीही घमेली आणली.

गादीवाला माझ्याआधी हसायचा थांबला. एकदा पुलावर म्हणाला, "आरं, एवढी पेंड जातीया पाण्यात. मासं काय डोळं झाकून बसल्यात व्हय?" मला तो विनोद वाटला आणि मी आणखी हसलो.

मग ग्रुपवर जॅकवेलचे मासे येऊ लागले. आधी चिलापी, नंतर रोहू, नंतर हाताच्या लांबीचा कटला, मागे अख्खी जॅकवेल, काहीही न लपवता. मला वाटलं, यांनी माझीच युक्ती चोरली. कुठूनतरी पोत्यात घालून मासे आणतात आणि जॅकवेलपाशी फोटो काढतात. मी रागावलोसुद्धा. माणसाने खोटं बोलावं, पण निदान स्वतःचं तरी बोलावं. हे मी गादीवाल्याला ऐकवलं तेव्हा तो माझ्याकडे असा पाहत राहिला, जसा मी पासपोर्ट फोटोला डोळे मिटून बसणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहतो.

इकडे डोह गप्प झाला होता. शिवरात्रीपासून गळाच्या दोरीवरचा तरंगा जेमतेम हलायचा. आणि त्याच सुमारास गादीवाल्याचा गुडघा दुखायला लागला. एका रविवारी गुडघा, पुढच्या रविवारी लग्नसराईच्या गाद्या, मग पुन्हा गुडघा. मी औषधाच्या दुकानातून त्याला आयोडेक्स नेऊन दिलं. बायकोकडून मेथीचे लाडू करवून घेतले. तो खाली मान घालून लाडू खायचा.

पाच रविवार मी डोहावर एकटा बसलो. बावीस वर्षांत तिथे कधी एकटा बसलो नव्हतो. दोघं असताना तिथे तासन्‌तास कोणी बोलत नसे, पण ते गप्प बसणं वेगळं असतं. पाच रविवारांत मिळून तळहाताएवढी एक चिलापी लागली, ती मी सोडून दिली. सांगायला कोणी नसताना तिचं काय करायचं?

सहाव्या आठवड्यात ग्रुपवर एक फोटो आला. कोणीतरी अनोळखी तरुण, हातात मोठा कटला, मागे जॅकवेल. माझा डोळा धंद्याचा, तो माशाकडे आधी जात नाही, कडेला जातो. उजव्या कडेला कोणाची तरी अर्धी पाठ होती. मी फोटो मोठा केला. पाठीखाली एक छोटी गादी होती, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडाची, मधोमध लाल दोऱ्याचा एक टाका.

अशा गाद्या या जगात दोनच आहेत. काठावरचे दगड टोचतात म्हणून गादीवाल्याने उरलेल्या कापडातून त्या शिवल्या होत्या. एकीवर त्या वेळी मी स्वतः बसलो होतो, स्टुडिओच्या स्टुलावर.

मी तो कोपरा कॉम्प्युटरवर घेतला, उजेड वाढवला आणि भिंतीवर लावायच्या मापाची प्रिंट काढली. शेजारून कापूस पिंजल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, उठून भिंतीवर थाप मारावी. मारली नाही.

लोक मला विचारतील, एवढं काय झालं त्यात? पेंडीमागे मासे जिथे गेले तिथे माणूस गेला. पण त्याने डोह कोणाला दाखवला असता तर मी नुसता भांडलो असतो. त्या एका कलमासाठी मी मनातल्या मनात बावीस वर्षं तयार होतो. त्याने डोह नीट लपवून ठेवला आणि मला तिथे एकटं बसवून दुसरं कलम मोडलं. ज्यांच्या मूर्खपणावर आम्ही दोघं गाडी थांबवून हसलो, त्यांच्या ओळीत तो मला चोरून जाऊन बसला. मग पुलावर त्या दिवशी पेंडीवरून बोलताना तो कोणाला हसत नव्हता, हेही मला उशिरा कळलं.

शनिवारी त्याने शटर ओढता ओढता सांगितलं की गुडघा काही सुधारत नाही, तू जा. मी म्हटलं, जातो.

रविवारी प्रिंट लिफाफ्यात घालून मी निघालो आणि डोहाकडे वळायच्या जागी वळलो नाही. वाटेत भाषण तयार केलं. भाषण उत्तम होतं. त्यात भोई होता, गादीवाल्याचे वडील होते, रुसलेला मेहुणा होता, मेथीचे लाडूही होते. शेवटी मी प्रिंट त्याच्या पायाशी टाकणार होतो आणि मागे न पाहता चालू लागणार होतो. गाडीवर दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा तर डोळे पुसायला गाडी बाजूला घ्यावी लागली.

जॅकवेलपाशी तीसेक माणसं होती. मला पाहताच मेडिकलवाला पुढे आला, पेंडीचा हात पँटला पुसून त्याने माझा हात धरला.

"आवं या या. तुमी दावली म्हणून ही जागा कळली आमाला. लय उपकार."

मी लाजलो नाही. एवढंच माझ्या बाजूने सांगतो. गादीवाला किती दिवसांपासून येतो, त्याचा गुडघा कसा आहे, असं मी सहज विचारल्यासारखं विचारलं. त्याने सांगितलं, शिवरात्रीपासून, एकही रविवार चुकला नाही, आणि गुडघ्याला तर काही झालेलं दिसत नाही. मग मी आणखी एक विचारलं. पूर्वी आम्ही कुठे बसायचो, याबद्दल तो कधी काही बोलला का?

"न्हाई बा. कितीदा इचारलं. म्हणतात, आमी पैल्यापासनं हितंच."

हे ऐकून भाषणातला गुपित फोडल्याचा, म्हणजे मेहुण्याचा, परिच्छेद गळाला. बाकीचं भाषण शाबूत होतं.

तो ओळीच्या टोकाला बसला होता, पट्ट्यांच्या गादीवर, पाठमोरा. मी दहा पावलांवर जाऊन उभा राहिलो. घसा खाकरला. त्याने मान वळवली. लिफाफा पाहिला, माझं तोंड पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. तो उठायला लागला. लोक आमच्याकडे पाहू लागले. इतका भरलेला प्रेक्षकवर्ग मला आयुष्यात मिळाला नव्हता. मी उजवा हात वर केला, "बावीस वर्षं" या शब्दांपासून सुरुवात होती.

त्याच क्षणी त्याच्या काठीवरची दोरीची चरखी किंचाळली. काठी अर्धगोल वाकली, पाण्यात मोठं काहीतरी वळलं. आणि तो शहाणा काठीकडे पाहायचं सोडून माझ्याकडेच पाहत उभा, चरखी मुठीत गच्च आवळून. दोरी तारेसारखी ताणली होती.

मी हात वर ठेवूनच, सबंध काठाला ऐकू जाईल असा ओरडलो, "आरं सैल सोड, सैल सोड, तुटंल!"