मी आत हाय, चालू करू नका

भुतंखेतं, करणी, उतारा... यातल्या कशावरच माझा कधी विश्वास नव्हता. आजही मी कुठं नारळ ठेवायला गेलेलो नाही. माझा धंदाच तसा आहे. कोल्हापुरात माझं वॉकी-टॉकीचं छोटं दुकान आहे — विक्री, भाड्यानं देणं, दुरुस्ती. सिक्युरिटीवाले, कारखानेवाले, मंगल कार्यालयवाले, सगळे येतात. हवेतून आवाज कसा येतो आणि कुठं अडतो हे मला पोटासाठी माहीत असावं लागतं. त्यामुळं 'सेटमधून कोणीतरी बोललं हो' असं कोणी सांगत आलं की मी हसायचो. शेजारच्या साइटवरचा सेट तुमच्या चॅनेलवर आला असेल, असं सांगून वाटेला लावायचो.

तर आता हसा माझ्यावर. पण आधी पूर्ण वाचा.

शिरोली एमआयडीसीत एक फाउंड्री आहे, नाव सांगत नाही. तिथं माझे दाजी, म्हणजे माझ्या बहिणीचे, सुमनआक्काचे यजमान दिनकर, बरीच वर्षं सँड प्लँटला कामाला होते. ओतकामाची वाळू जिथं मळतात तो मिक्सर म्हणजे खोलीएवढं पिंप. आतली लोखंडी पाती गरागरा फिरतात. वाळू भिंतीला चिकटून बसते, म्हणून रोज एक माणूस आत उतरून ती खरवडतो. आणि मिक्सर चालू करायचं पॅनेल आहे खालच्या मजल्यावर... तिथून आतला माणूस दिसत नाही.

म्हणून तिथं जुनी पद्धत होती. आत उतरणाऱ्यानं आपला टॉवेल पॅनेलच्या दांड्याला बांधायचा. तो टॉवेल फक्त त्यानंच येऊन सोडायचा. दुसरा कोणी हात लावणार नाही, मग मालक का येईना.

प्लँटचे मोठे साहेब नवीन आले. परदेशी कस्टमर बघायला येणार, आणि पॅनेलवर मळकट टॉवेल काय लोंबतायत? टॉवेल बंद, आजपासून वॉकी-टॉकी, असा हुकूम निघाला. कोटेशनसाठी मला बोलावलं. दाजींचं नातं मी सांगितलं नाही, वशिला वाटायला नको म्हणून. फाउंड्रीच्या दणदणाटात ऐकू येतील असे मोठ्या आवाजाचे, धुळीला दाद न देणारे, कानावर हेडफोन लावायची सोय असलेले सेट मी घेऊन गेलो. म्हटलं, साहेब, खाली मिक्सरपाशी जाऊन ट्रायल घेऊ. तर साहेब एसी केबिनमधून उठायला तयार नाहीत. मी दिलेला एक सेट आणि कुठूनतरी मागवलेला खेळण्यासारखा एक सेट टेबलावर ठेवून त्यांनी शिपायाला व्हरांड्यात पाठवलं, 'हॅलो हॅलो' केलं आणि म्हणाले, दोन्ही सारखेच की. एसी केबिनमध्ये कुठलाही सेट गोडच बोलतो हो! पण सांगणार कोणाला? खेळणी आली.

मला राग आला होता, आणि तो मी नको तिथं काढला. पुढं एका रविवारी आक्काकडं जेवायला गेलो होतो. दाजी म्हणाले, पावणं, त्या सेटवर खालच्या मजल्यावर नुसती खरखर ऐकू येती, काय करावं? मी ताटातून मान वर न करता म्हटलं, "साहेबांना विचारा. त्यांची पसंती आहे." दाजी हसले. आक्कानं आणखी भात वाढला. त्या वाक्याचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही.

पुढच्याच आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमाराला, दाजी आत असताना मिक्सर सुरू झाला.

त्याबद्दल जास्त लिहीत नाही. आक्काला आम्ही दाजींचं तोंडसुद्धा दाखवू शकलो नाही, एवढंच सांगतो.

चौकशी झाली. पॅनेलवरच्या तानाजीनं सांगितलं की इंटरकॉमवर 'चालू कर' अशी साहेबांची ऑर्डर आली म्हणून मी चालू केला. दाजींचा मेसेज त्याला आलाच नव्हता. साहेबांनी लिहून दिलं की मलाही काही मेसेज आला नाही, कामगार सेट बंद ठेवून कोणालाही न सांगता आत उतरला. रिपोर्टात तेच आलं. चूक दिनकरची.

आक्का शिकलेली फार नाही, पण तो कागद तिनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग म्हणाली, "रोज घरातनं भाईर पडताना गॅस बंद हाय का म्हणून दोनदा बघणारा माणूस त्यो. न सांगता आत उतरला म्हणं." बास. रडली नाही. माझ्या मनात मात्र त्या दिवसापासून एकच गोष्ट होती. त्या माणसाला मला मोडायचं होतं. कसं ते माहीत नव्हतं.

महिन्याभरानं फाउंड्रीतून फोन आला. सेफ्टीला एक मॅडम नवीन आल्या होत्या, त्यांनी चांगले सेट घ्यायचा आग्रह धरला होता. मी नकोच म्हणणार होतो. आक्काच म्हणाली, जा.

दुपारी तीनची वेळ. केबिनमध्ये साहेब आणि मॅडम. मी घरून चार्ज करून नेलेले सेट काढले, एक साहेबांच्या हातात दिला आणि दुसरा घेऊन खाली गेलो. मिक्सरपाशी उभं राहून बटण दाबणार, तोच वरून शिपाई पळत आला. वर गेलो तर साहेबांनी सेट टेबलावर टाकलेला, आणि चेहरा पांढराफटक.

मॅडमनी मला विचारलं, "तुमच्याबरोबर दिनकर नावाचं कोणी आलंय का?"

मॅडम येऊन आठवडा झाला होता. त्यांना अपघात माहीत होता, नाव माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, अगदी स्वच्छ आवाज आला — साहेब, दिनकर बोलतोय, मी आत हाय, चालू करू नका, ओव्हर.

माझ्या हातातला सेट त्याच चॅनेलवर होता. त्यावर काहीही आलं नव्हतं. ज्यांना यातलं कळतं त्यांनी सांगावं, एकाच चॅनेलवर एका सेटला ऐकू येतं आणि त्याच इमारतीतला दुसरा गप्प राहतो, ते कसं? सेट बिघडला असेल तर एक वेळ होईल. मी घरी येऊन दोन्ही खोलून बघितले. ठणठणीत होते.

साहेबांचा संशय माझ्यावर. साहजिक आहे. चार दिवसांनी मी स्वतःच फोन करून म्हटलं, दुसऱ्या कंपनीचे आणतो, डिजिटल, कोड टाकलेले. बाहेरच्याला शिरताच येणार नाही. खोक्याचं सील तुम्हीच तोडा. त्यांनी तोडलं, आतला सेट त्यांनीच निवडला. मी या वेळी खाली गेलोच नाही, केबिनमध्ये समोर उभा राहिलो, दोन्ही हात टेबलावर. सेट चालू झाला आणि...

दाजींचा आवाज. मी ओळखणार नाही होय! 'ओव्हर' म्हणायची त्यांना हौस होती, घरी आक्काला चहा सांगतानाही म्हणायचे. तसंच, शेवटी थोडं ओढून. आणि 'ओव्हर' म्हटल्यावर आवाज थांबला, समोरच्यानं उत्तर द्यावं म्हणून थांबतात तसा.

भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त एक वेगळीच गोष्ट वाटली, ती लपवत नाही — बरं वाटलं. साहेबांच्या कपाळावर एसीत घाम फुटला होता आणि मी तो बघत होतो. मनात म्हटलं, दाजी, थांबू नका.

तिसरी ट्रायल मी मुद्दाम घडवून आणली. मॅडमना पटवलं की सेट निवडायचे तर चालत्या मशीनपाशीच निवडावे लागतात. खोटं नव्हतंच ते. सकाळी अकराची वेळ मी मागून घेतली. सँड प्लँटच्या बारा माणसांना बारा सेट वाटले, सगळे एका चॅनेलवर. तेरावा साहेबांपुढं धरला. ते म्हणाले, मला गरज नाही. मी सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हटलं, "साहेब, सेट धरायला कसली भीती?"

माणसं बघत होती. त्यांनी घेतला.

मिक्सरचा दणदणाट चालू होता, शेजारी उभ्या माणसाशी ओरडून बोलावं लागत होतं. आणि त्यातून साहेबांच्या सेटमधला तो आवाज शांतपणे आला. "साहेब, दिनकर बोलतोय. मी आत हाय. चालू करू नका. ओव्हर." तानाजी मटकन खाली बसला. थोडं थांबून परत तेच. मग परत. बाकीचे बाराच्या बारा सेट मुके.

पाचव्या की सहाव्या वेळी साहेबांनी बोलायचं बटण दाबलं.

"ऐकलं होतं रे दिनकर... ऐकलं होतं मी. दहा मिनिटं झाली होती, तू बाहेर आला असशील असं वाटलं. कस्टमर गेटवर आले होते... मी विचारलं नाही तुला. ऐकलं होतं."

बटण दाबलेलं होतं. त्यामुळं ते शब्द बारा सेटांतून बारा ठिकाणी एकदम वाजले. मॅडमनी ऐकले, तानाजीनं ऐकले, सगळ्यांनी ऐकले. त्या खेळण्यातल्या सेटवर खाली तानाजीला काही ऐकू येणं शक्य नव्हतं, पण वर केबिनमध्ये येणारच की. केबिनमध्ये ऐकूनच तर निवडले होते ते.

तो आवाज त्यानंतर थांबला.

मी साहेबांच्या जवळ जाऊन सांगितलं की दिनकर माझे दाजी. त्यांनी सेट माझ्या हातात ठेवला. मला दया आली नाही. आजही येत नाही.

चौकशी पुन्हा उघडली. बारा साक्षीदार होते. रिपोर्टातून दाजींची चूक निघाली. साहेब नोकरी सोडून गेले. ते आता मोबाइलसुद्धा कानाला लावत नाहीत म्हणे, बायको फोन घेते. ऐकून मी त्या दिवशी पोटभर जेवलो. वाईट माणूस म्हणा मला हवं तर.

हे काय होतं, याचं स्पष्टीकरण माझ्याकडं नाही. लाइनमधल्या दोन-तीन जाणकारांना विचारलं. त्यांनी इंटरफेरन्स, रेकॉर्डिंग, कोणाचा तरी खोडसाळपणा, असं सगळं सांगितलं. त्यातलं सगळं मीच आधी तपासून बघितलेलं आहे.

नवा रिपोर्ट वाचून दाखवल्यावर आक्का दुपारची दुकानात आली. साहेबांच्या हातात होता तो सेट दे म्हणाली. मी दिला. तिनं बटण कुठलं ते विचारून घेतलं, पदर सारखा केला आणि हळूच म्हणाली, "अवो... मी सुमन बोलतोय." बटण सोडून तिनं सेट कानाला लावला. परत बोलली. पोरांचं सांगितलं, म्हशीचं सांगितलं, रिपोर्टाचं सांगितलं. तीन-चार तास ती स्टुलावर बसून होती. साधी खरखरसुद्धा आली नाही.

उठताना तिनं सेट माझ्या हातात दिला.

"त्या माणसासंगं तीन डाव बोलले. माझ्यासंगं न्हाईत बोलत. ह्यात काय बिघाड हाय का बघ की रं."

मी म्हटलं, "हाय आक्का. पार्ट मिळंना झालाय. बघतो."

ती दर शनिवारी फोन करून विचारते, पार्ट आला का. सेट चांगला आहे. मी तिला अजून सांगितलेलं नाही.