अक्काचा थंड केसरी भात

सकाळी दुकान नुकतंच उघडलं होतं आणि मी एका नवऱ्यामुलीच्या आईला साड्या दाखवत होतो. लग्नाच्या दिवसांत चिकपेटेतल्या दुकानात फोन शोधावा लागतो, कारण तो नेहमी कुठल्यातरी साड्यांच्या ढिगाखाली असतो. शोधून उचलला तर पलीकडे गंगव्वा होती. रायचूरकडची ही मुलगी एम.एस्सी. करते आणि माझ्या बहिणीच्या घरी वरच्या मजल्यावर आणखी काही मुलींबरोबर राहते. कानडीत एवढंच म्हणाली, "अंकल, अक्का एळ्ताने इल्ला." अक्का उठतच नाहीत... मी हातातली साडी नीट घडी घालून ठेवली, मग चप्पल घातली आणि बाहेर पडलो. ती घडी घालायला मी का थांबलो, कोण जाणे. जयनगरला बहिणीच्या घरी पोचलो तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच गेली. वरच्या सगळ्या पोरी जिन्याच्या पायऱ्यांवर एकीखाली एक बसल्या होत्या आणि कुणीही रडत नव्हतं, कारण मोठ्यांपैकी कुणी आल्याशिवाय रडावं की नाही ते त्यांना कळत नव्हतं. मी गेलो आणि मग आम्ही सगळेच रडलो.

आता काही आठवडे झाले आहेत. पुण्या-मुंबईच्या वाचकांना माझी बहीण ठाऊक असायचं कारण नाही. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथले, बेंगळुरूचेच. घरात मराठी, दारात कानडी, आणि थोरल्या बहिणीला ताई न म्हणता अक्का म्हणणारे. मी बाप-आजोबांच्या दुकानात बसलो आणि अक्का रसायनशास्त्रात शिकत शिकत इथल्या एका सरकारी विद्यापीठात प्राध्यापक झाली. लग्न केलं नाही. "वेळच मिळाला नाही रे," म्हणायची, जणू बस चुकली असावी. स्वभावानं मऊ. रिक्षावाल्यानं जास्त पैसे मागितले तरी आधी त्याच्या मुलांची चौकशी करायची. खाण्याची मात्र भारी हौस, आणि त्यातही केसरी भाताची. नावात भात असला तरी हा आपला शिराच, केशरी रंगाचा, तुपानं थबथबलेला. "यात केशराचा कण नाही, निव्वळ रंग आहे," असं रसायनशास्त्राच्या अधिकारानं सांगून ती दुसऱ्यांदा वाढून घ्यायची.

सेवाज्येष्ठतेनं तिची पाळी आली आणि ती विद्यापीठाच्या सिंडिकेटवर गेली. सिंडिकेट म्हणजे विद्यापीठाचा कारभार हाकणारं मंडळ. कुलगुरू मधोमध, काही प्राध्यापक, आणि बाकीचे सरकारनं नेमलेले. राज्यात सरकार बदललं की हे नेमलेले सदस्यही बदलतात, घरमालक बदलला की भिंतींचा रंग बदलतो तसे. त्या वर्षी, नव्वद सालानंतर लवकरच, सरकार बदललं आणि अक्काच्या समोरच्या खुर्च्यांवर नवी मंडळी येऊन बसली. एक दगडाच्या खाणींचे कंत्राटदार, एक नेत्यांचे मेहुणे, एक नेत्यांच्या मेहुण्यांचे मित्र. त्यांचे म्होरके ते खाणवाले. मी त्यांना इथे खाणवालेच म्हणणार आहे, नाव छापून त्यांना उगाच मोठं करायची माझी इच्छा नाही.

पहिल्या दोन-तीन बैठका झाल्यावर अक्का एके दिवशी दुकानात आली, गादीवर टेकली आणि म्हणाली, "मधू, एक गंमत सांगू? आमच्याकडे केसरी भात आला की विषय येतो." मला काही कळेना. मग तिनं समजावलं. बैठकीत छापील विषय आधीच पाठवलेले असतात, त्यांवर सगळे तासन्‌तास बोलतात. मग फराळाच्या बशा येतात, बशीच्या एका कोपऱ्यात उप्पीट आणि दुसऱ्या कोपऱ्यात केसरी भात. सगळ्यांच्या तोंडात पहिला घास गेला की खाणवाले हळूच म्हणतात, एक छोटासा विषय आयत्या वेळचा आहे. विषय वाचला जातो. कुलगुरू विचारतात, कुणाचा आक्षेप? तोंडात घास असलेला माणूस काय बोलणार! मान हलते ती चवीला की विषयाला, कुणाला ठाऊक. "सरी, मंजूर." सरी म्हणजे ठीक आहे. अशा रीतीनं नेमणुका झाल्या, बदल्या झाल्या, एका चांगल्या परीक्षा-अधिकाऱ्याची गठडी वळली गेली. "आणि मीसुद्धा खात होते रे," अक्का म्हणाली. "फार छान झाला होता."

पुढच्या बैठकीपासून तिनं बशीला हात लावायचं सोडलं. बशी समोर ठेवून नुसती बसायची, तोंड मोकळं ठेवून. आयत्या वेळचा विषय आला की विचारायची, हा कशासाठी, कुणासाठी, आत्ताच का? बैठक संपली की आपला वाटा स्टीलच्या डब्यात भरून घरी आणायची आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी एकटीच बसून चवीनं खायची. एकदा मी म्हटलं, निदान गरम तरी करून घे. तर म्हणाली, "गरम असतो तेव्हा तो त्यांचा असतो, मधू. थंड झाला की माझा." आमच्या घरात तेव्हापासून कुणीही गोड बोलून काही गळ्यात मारायला लागलं की बाकीचे ओरडायचे, "केसरी भात आला!" माझ्या बायकोनं फ्रिज घ्यायचा विषय काढला तेव्हाही हेच झालं.

पण ही गंमत पुढे गमतीची राहिली नाही. अक्काचा जीव एका गोष्टीत अडकला होता, मुलींच्या वसतिगृहात. खेड्यापाड्यांतून शिकायला येणाऱ्या मुलींना विद्यापीठात जागाच नव्हती. होत्या त्या खोल्यांत त्या दाटीवाटीनं राहायच्या आणि उरलेल्यांना बाप परत घेऊन जायचे. तिची एक विद्यार्थिनी होती, लक्ष्मी. अक्का म्हणायची, एवढी हुशार पोर मी दुसरी शिकवली नाही. जागा मिळाली नाही म्हणून बापानं ट्रंक उचलली आणि तिला गावी नेली. पुढच्या उन्हाळ्यात तिच्या लग्नाची पत्रिका आली. अक्कानं ती पत्रिका स्वयंपाकघरात फळीवर उभी करून ठेवली होती, चहा करताना समोर दिसेल अशी. तेव्हापासून वसतिगृह हा एकच ध्यास. ती गावोगावच्या पालकांना भेटली, आराखडे करून घेतले, कित्येक वर्षं तो विषय पुढे सरकवत सरकवत सिंडिकेटच्या दारापर्यंत आणला.

आणि मग एका दुपारी खाणवाले स्वतः माझ्या दुकानात आले. मुलीच्या लग्नाच्या साड्या घ्यायच्या होत्या म्हणे. घेतल्याही, घासाघीस न करता, आणि चिकपेटेत घासाघीस न करणारं गिऱ्हाईक आलं की मी नोटा दोनदा तपासतो. कॉफी पिता पिता म्हणाले, तुमच्या अक्का म्हणजे देवमाणूस. वसतिगृह झालंच पाहिजे, परवाच्या बैठकीत आम्ही सगळे हो म्हणणार. फक्त त्याच दिवशी आमच्या साहेबांच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मान्यतेचा एक छोटा विषय आहे. "मॅडमना सांगा, स्वल्प अड्जस्ट माडी." जरा सांभाळून घ्या. हे वाक्य बेंगळुरूत बसमध्ये सीट मागतानाही वापरतात आणि राज्य चालवतानाही.

त्या संध्याकाळी मी जयनगरला गेलो आणि अक्काशी भांडलो.

"अगं, एक दिवस खा की तो केसरी भात गरम गरम!" मी म्हटलं. "वसतिगृह पदरात पाडून घे. मग पुढच्या बैठकीपासून कर काय करायचं ते."

"त्या कॉलेजात काय आहे माहितीये? एक पाटी आणि एक पत्र्याची शेड. प्रयोगशाळा नाही, शिक्षक नाहीत."

"तुझ्याशिवाय ते होणार नाही असं वाटतं का तुला? त्यांची डोकी मोजलीस? तू नाही म्हणालीस तरी ते होणारच, आणि तुझं वसतिगृह मात्र जाणार."

ती चहा करायला ओट्याशी गेली. फळीवरच्या त्या पत्रिकेकडे बघत होती. मग म्हणाली, "त्या शेडमध्ये कोण जाणार रे शिकायला? लक्ष्मीच्या बापासारखेच बाप जमीन विकून पोरांना तिथे घालणार. लक्ष्मीला जागा दिली नाही म्हणून मी रडते. आणि तिच्या भावाला फसवायला माझीच मान हलवू?" मला वाटतं, वसतिगृह जाणार हे तिला त्याच क्षणी कळलं होतं. मी काही न खाता उठलो आणि चप्पल घालून निघालो. फाटकापर्यंत ती मागून आली, रागावलेल्या धाकट्या भावाला सोडायला.

बैठकीत झालं ते तिनं मला नंतर सांगितलं. वसतिगृहाचा विषय मुद्दाम शेवटी ठेवला होता. बशा आल्या. खाणवाल्यांनी अक्काकडे बघून हसून चमचा उचलला. कॉलेजचा विषय वाचला गेला, कुलगुरूंनी नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाचा आक्षेप? आणि अक्का म्हणाली, "माझा आहे." आक्षेप आला की मंडळाच्या रीतीप्रमाणे हात वर करून मत द्यावं लागतं. तोवर कुणाला कधी हात वर करावाच लागला नव्हता. आता एकेकाला चमचा खाली ठेवावा लागला, तोंडातलं गिळावं लागलं, आणि समोर बसलेल्या बाईच्या डोळ्यांदेखत हात वर न्यावा लागला. एका म्हाताऱ्या सदस्यांचा हात काही वर गेला नाही, ते रुमालानं चष्मा पुसत राहिले. तरी कॉलेज मंजूर झालं. आणि वसतिगृह "अधिक विचारार्थ" पुढे ढकललं गेलं, ते आजतागायत तिकडेच आहे.

मी अजूनही म्हणतो, ती चुकली. एवढ्या मुलींची सोय झाली असती. तिच्या फोटोसमोर उभा राहूनही मी हेच म्हणतो, आणि ती अजूनही ऐकत नाही.

सिंडिकेटवरची तिची मुदत संपली. तिला पुन्हा कुणी घेणार नव्हतंच. घरी येऊन तिनं ती पत्रिका फळीवरून काढली, सुतार बोलावला आणि वरच्या मजल्यावरच्या तिन्ही खोल्यांत लाकडी खाटा टाकून घेतल्या. जूनमध्ये पहिल्या मुली ट्रंका घेऊन आल्या. येताना ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणायच्या, अक्का त्यांना आमटी-भात शिकवायची, आणि सणाला सगळ्या मिळून इतकं तूप घालून केसरी भात करायच्या की मी औषधाची गोळी खिशात घेऊन जायचो. एक गेली की दुसरी यायची. त्याही तिला अक्काच म्हणायच्या. मला थोडा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू. ती हाक माझी होती.

चौदाव्या दिवशी गोडाचं जेवण होतं. पोरींनी हट्टानं केसरी भात केला, आणि रडत रडत केल्यामुळे की काय, जरा गुठळ्या झाल्या होत्या. खालच्या टेबलाशी आम्ही घरचे बसलो. थोरला भाऊ हयात नाही, त्याचा मुलगा सुधीर शेजारी होता. घर आता त्याच्या आणि माझ्या नावावर येणार. सुधीर वाईट मुलगा नाही, आत्यावर त्याचाही जीव होता. सगळ्यांना वाढून झालं, पहिला घास तोंडात गेला, आणि तो हळूच म्हणाला, "काका, एक छोटीशी गोष्ट आहे. व्हाइटफील्डला ते नवं सॉफ्टवेअरचं सुरू झालंय ना, त्यांच्या लोकांना घरं हवी आहेत. वरचा मजला द्यायला बरा आहे. पोरींना काय, परीक्षेपर्यंत ठेवू. कुणाची हरकत नाही ना?"

सगळ्यांच्या तोंडात घास होता. वाढायला उभ्या असलेल्या गंगव्वाला मराठी फारसं समजत नाही, तरी हे समजलं. हातातला डाव तसाच धरून ती माझ्याकडे बघत राहिली... फार चांगला घास होता तो, गुठळ्यांसकट. मी तो कसाबसा गिळला आणि ताट पुढे सारलं.

"माझी आहे," मी म्हटलं. "माझी हरकत आहे. मी जिवंत असेपर्यंत पोरी वरच राहतील. आणि तुला हवं असेल तर सगळ्यांनी हात वर करून सांगा, मी इथे बसून बघतो."

सुधीरनं माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाच्या टोकाला असलेल्या अक्काच्या रिकाम्या खुर्चीकडे. हात कुणाचाच वर गेला नाही. "सरी, काका," तो म्हणाला, आणि डोळे पुसायला उठून मोरीकडे गेला.

माणसं पांगायला संध्याकाळ झाली. मी एकटाच टेबलाशी बसलो होतो, ताट तसंच पुढ्यात होतं. गंगव्वा जिन्यावरून खाली आली आणि तिनं कानडीत विचारलं, "अंकल, गरम करून देऊ?"

"नको गं," मी म्हटलं. "आता तो माझा आहे."

तिला काही कळलं नसावं. मान हलवून ती वर गेली. मी खाऊ लागलो. डोक्यावर खाटा सरकल्याचे आवाज आले, दिवे लागले, आणि कुणीतरी मोठ्यानं धडा वाचायला सुरुवात केली.